आतला पॅड मोजल्याशिवाय ब्रेकचा निर्णय घेऊ नये

विचारणा अशी आहे : गाडी सात वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक असून पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक आहेत, आजवर ती ४८,००० किलोमीटर चालली आहे. काही आठवड्यांपासून सकाळी गाडी काढताना पुढच्या चाकांतून खरखर ऐकू येते आणि अधूनमधून सिग्नलजवळ वेग कमी करताना शिट्टीसारखा बारीक आवाज येतो. एका गॅरेजमध्ये चाकाच्या फटीतून पाहून ‘पॅड अजून चाळीस टक्के आहेत’ असे सांगितले गेले, तर दुसऱ्या ठिकाणी पॅड आणि डिस्क दोन्ही बदलण्याचा सल्ला मिळाला. मे महिन्यात कुटुंबासह महाबळेश्वरहून पोलादपूरमार्गे कोकणात उतरायचे आहे. कोणाचे ऐकावे, आणि हे काम घरी करता येईल का?

दोघांपैकी कोणाचेही ऐकण्याआधी पुढची दोन्ही चाके काढून चारही पॅडची (चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन बाजूंनी दाबणारे, प्रत्येक चाकात दोन) जाडी मोजून घ्यावी, आणि त्यातही आतल्या बाजूच्या दोन पॅडकडे अधिक लक्ष द्यावे. हे मोजमाप हाती नसताना दिलेला ‘चालतील’ हा सल्ला जितका निराधार आहे, तितकाच ‘सगळे बदला’ हाही आहे. ब्रेकच्या कामात मी सर्वाधिक आग्रह धरतो तो याच गोष्टीचा, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकाला एकाच पिस्टनचा सरकता कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, असतो. पिस्टन आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो. पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने पिस्टन पुढे येतो आणि आतला पॅड डिस्कवर दाबतो. त्याच्या प्रतिक्रियेने पूर्ण कॅलिपर दोन पिनांवरून उलट दिशेला सरकतो आणि बाहेरचा पॅड दुसऱ्या बाजूने डिस्कवर आणतो. म्हणजे बाहेरच्या पॅडचे काम या दोन पिना मोकळ्या असण्यावर अवलंबून आहे. पिनांवरचे रबरी बूट फाटले, आत पाणी आणि धूळ शिरली, ग्रीस वाळले की कॅलिपर जागेवरच अडकतो. मग पिस्टन आतला पॅड एकट्यालाच रेटत राहतो आणि बाहेरचा पॅड जवळजवळ नवाच दिसतो. चाकाच्या आऱ्यांतून वाकून पाहणाऱ्याला नेमका तोच बाहेरचा पॅड दिसतो.

कोकणपट्टीतून येणाऱ्या गाड्यांत हा प्रकार मी वारंवार पाहतो. रत्नागिरीकडून आलेल्या एका गाडीत बाहेरच्या पॅडवर सात मिलिमीटर मसाला (डिस्कला घासणारा थर) शिल्लक होता, तर त्याच चाकातल्या आतल्या पॅडचा मसाला पूर्ण संपून लोखंडी पाठ डिस्कला घासत होती. डिस्कची बाहेरची बाजू गुळगुळीत, आतल्या बाजूला बोटाच्या नखाला अडकतील असे खोल चरे, आणि खालची पिन इतकी गंजलेली की ती काढायला गरम करावी लागली. गाडीमालकाने त्याआधी पॅड पाहून घेतलेले होते, पण चाक न काढता.

पेडलवरून पॅडची झीज का कळत नाही, हेही इथेच सांगतो, कारण ‘ब्रेक तर उत्तम लागतो’ हे वाक्य रोज ऐकू येते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाची एक रबरी सील असते. ब्रेक दाबताना ती थोडी पिळवटते आणि पेडल सोडल्यावर पूर्ववत होताना पिस्टनला केसभर मागे ओढते. पॅड जसजसा झिजतो, तसतसा पिस्टन या सीलमधून थोडा थोडा पुढे सरकून नवी जागा घेतो. त्यामुळे पॅड नवा असो वा संपत आलेला, पेडलचा प्रवास जवळजवळ तेवढाच राहतो आणि ब्रेकही शेवटपर्यंत लागत राहतो. डिस्क ब्रेकची ही सोय आहे, पण हीच सोय गाफील ठेवते. पिस्टन पुढे गेल्याने त्याच्या मागे जादा ऑइल सामावते, म्हणून बॉनेटखालच्या ब्रेक ऑइलच्या टाकीतील पातळी मात्र हळूहळू खाली येते. पातळी ‘कमाल’ आणि ‘किमान’ या खुणांच्या मध्ये असेल आणि कुठेही गळती नसेल, तर तिथे वरून ऑइल ओतू नये. ती उतरलेली पातळी पॅडची झीज सांगत असते. ऑइल ओतले की ती खूण पुसली जाते, आणि नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलला की तेच जादा ऑइल टाकीतून बाहेर सांडते. डॅशबोर्डवरचा ब्रेकचा लाल दिवा हॅन्डब्रेक पूर्ण सोडलेला असतानाही वळणावर क्षणभर लागू लागला, तर पातळी किमान खुणेजवळ आली आहे असे समजावे आणि त्याच दिवशी पॅड व गळती दोन्ही तपासून घ्यावे.

आता आवाजांविषयी. रात्रभर दवात किंवा पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर गंजाचा पातळ तांबूस थर बसतो. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक लागेपर्यंत तो खरखरतो आणि मग आवाज बंद होतो. ओतीव लोखंडाच्या डिस्कचा हा स्वभाव आहे आणि त्यासाठी काहीही बदलण्याची गरज नाही. आपली सकाळची खरखर पहिल्या चौकापर्यंत थांबत असेल तर ती बहुधा हीच असावी. शिट्टीसारखा आवाज मात्र गांभीर्याने घ्यावा. बऱ्याच पॅडच्या पाठीला पोलादाची एक वाकवलेली पातळ पट्टी बसवलेली असते. मसाला साधारण दोन ते तीन मिलिमीटर उरला की तिचे टोक डिस्कला टेकते आणि चाक फिरताना तीक्ष्ण आवाज निघतो. हा इशारा मुद्दाम ठेवलेला आहे. हलका ब्रेक लावल्यावर किंवा ब्रेक न लावताही असा आवाज येत असेल, चाकाच्या वेगाबरोबर त्याची लय बदलत असेल, तर पॅड संपत आले आहेत असे धरून चालावे. धुळीमुळे, पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा झाल्यामुळे किंवा पॅडची पाठ आणि पिस्टन यांच्यामधली पातळ पट्टी (शिम) बसवायची राहून गेल्यामुळेही शिट्टी वाजते, म्हणून केवळ आवाजावरून पॅड विकत घेऊ नयेत; आवाज ऐकला की चाक काढावे. तिसरा प्रकार म्हणजे ब्रेक दाबताच लोखंडावर लोखंड घासल्याचा जाडसर कर्कश आवाज आणि पेडलमध्ये जाणवणारी घरघर. असा आवाज आला की गाडी चालवणे थांबवावे, कारण त्यानंतरचा प्रत्येक किलोमीटर डिस्क खातो. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक सुरू झालेला सततचा करकर आवाज मात्र बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये अडकलेल्या खड्याचा असतो.

काही लक्षणे पॅडच्या नावावर खपवली जातात, पण त्यांचे मूळ दुसरीकडे असते. ऐंशीच्या वेगावर ब्रेक लावताना पेडल पायाखाली थरथरत असेल किंवा स्टिअरिंग हलत असेल, तर डिस्कची जाडी सर्वत्र सारखी राहिलेली नाही किंवा डिस्क हबवर (चाक जिथे बसते त्या भागावर) सपाट बसलेली नाही; नव्या पॅडने ते जाणार नाही. पेडल मऊ लागत असेल, दोनदा दाबल्यावर वर येत असेल, तर ऑइलच्या लाइनमध्ये हवा आहे किंवा मागच्या ड्रममधील लायनर (ड्रमला आतून घासणारे भाग) ढिले झाले आहेत. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीत पेडल खोल जाण्याचे कारण बहुधा मागेच सापडते. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल, तर एक कॅलिपर नीट काम करत नाही. अशा वेळी ब्रेकचा फारसा वापर न करता आठ-दहा किलोमीटर चालवून गाडी उभी करावी आणि दोन्ही पुढच्या चाकांजवळ हाताचा तळवा न्यावा, चाकाला स्पर्श करू नये. एका चाकातून स्पष्टपणे जास्त धग येत असेल, तर त्या बाजूचा ब्रेक सुटत नाही. पिस्टन अडकलेला असतो किंवा जुना रबरी होज (ब्रेक ऑइलची नळी) आतून फुगून ऑइल परत येऊ देत नाही. अशा होजला बाहेरून काहीही दिसत नाही.

मोजमापाकडे येतो. ‘चाळीस टक्के’ हा आकडा कशाच्या चाळीस टक्के, हे विचारायला हवे. अशा गाड्यांच्या नव्या पुढच्या पॅडवर साधारण दहा मिलिमीटर मसाला असतो, काहींवर त्याहून थोडा अधिक. लोखंडी पाठीची पाच-सहा मिलिमीटर जाडी त्यात धरायची नसते, आणि घाईत पाहणाऱ्याची चूक तिथेच होते. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मसाल्याची किमान मर्यादा अनेकदा दीड ते दोन मिलिमीटर दिलेली असते. माझा नियम असा आहे की, चारपैकी सर्वांत पातळ पॅडवर, त्याच्या सर्वांत पातळ टोकाला तीन मिलिमीटर उरले की पुढचे चारही पॅड बदलावेत. चार-पाच मिलिमीटर असतील आणि पुढे घाटाचा लांब प्रवास असेल तर तेव्हाच बदलावेत, कारण मसाला पातळ झाला की डिस्कची उष्णता पिस्टनपर्यंत आणि तिथून ऑइलपर्यंत लवकर पोहोचते. केवळ किलोमीटरवरून निर्णय करता येत नाही. पुण्या-मुंबईच्या गर्दीत रोज चालणाऱ्या गाडीचे पॅड ३०,००० ते ५०,००० किलोमीटरमध्ये उतरलेले आढळतात, तर महामार्गावर सांभाळून चालवणाऱ्याचे सत्तर हजारांपुढेही टिकतात. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्यांत इंजिनाचा रोध कमी मिळत असल्यामुळे ते बहुधा लवकर जातात.

जाडीइतकेच महत्त्वाचे आहे ते झिजेचे रूप. चारही पॅड अर्ध्या-एक मिलिमीटरच्या फरकाने सारखे झिजलेले असतील तर कॅलिपर ठीक आहेत आणि काम सोपे आहे. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा दोन मिलिमीटर किंवा अधिक झिजला असेल, तर पिना किंवा पिस्टन अडकत आहेत. एकच पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ, असा पाचरीसारखा झिजला असेल, तर एक पिन मोकळी आणि दुसरी जाम आहे, किंवा पॅडचे कान (दोन टोकांचे पुढे आलेले भाग) ब्रॅकेटच्या, म्हणजे पॅड धरणाऱ्या चौकटीच्या, खाचेत गंजाने धरले आहेत. डावीकडचे पॅड संपलेले आणि उजवीकडचे भरलेले, असे दिसले तर डाव्या कॅलिपरचा आणि होजचा शोध घेतल्याशिवाय नवे पॅड बसवू नयेत. मूळ दोष तसाच ठेवून बसवलेले पॅड पुन्हा त्याच पद्धतीने आणि अधिक लवकर झिजतात.

डिस्क बदलायची की नाही, याचे उत्तर डिस्कवरच कोरलेले असते. बहुतेक डिस्कच्या मधल्या उंच भागावर किंवा कडेवर किमान जाडीचा आकडा मिलिमीटरमध्ये असतो. नव्या जाडीपेक्षा तो साधारण दोन मिलिमीटरने कमी असतो. जाडी मायक्रोमीटरने मोजावी. साधा व्हर्नियर डिस्कच्या कडेला उरलेल्या न झिजलेल्या ओठावर बसतो आणि डिस्क आहे त्यापेक्षा जाड दाखवतो. ज्या गॅरेजने डिस्क बदलायला सांगितले, त्यांना मोजलेली जाडी आणि डिस्कवरचा किमान आकडा हे दोन्ही विचारावेत. मोजलेली जाडी किमान आकड्याखाली असेल, भेगा असतील, किंवा चरे खूप खोल असतील, तर त्यांचा सल्ला बरोबर आहे आणि दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीनेच बदलाव्यात. जाडी पुरेशी असेल आणि पृष्ठभागावर बारीक रेषाच असतील, तर जुन्या डिस्कवर नवे पॅड निःशंकपणे बसवता येतात. पेडल थरथरत असेल आणि जाडी पुरेशी असेल, तर डिस्क लेथवर मारून, म्हणजे तासून सपाट करून, घेता येते. मात्र मारल्यानंतरही ती किमान आकड्याच्या वर राहायला हवी, हे आधीच पाहावे. कडेला गंजाचा ओठ आहे एवढ्या कारणावरून डिस्क टाकून देणे म्हणजे निव्वळ अपव्यय आहे.

पॅड घेताना गाडी बनवणाऱ्या कंपनीचा मूळ सुटा भाग, किंवा टीव्हीएस गर्लिंग, राणे, बॉश अशा प्रस्थापित उत्पादकांचा पॅड ओळखीच्या अधिकृत विक्रेत्याकडून बिलासह घ्यावा. बनावट पॅड बाजारात आहेत, आणि ब्रेक हा नक्कल चालवून घेण्याचा भाग नव्हे. अनेक पॅडच्या कडेवर किंवा पाठीवर उत्पादकाच्या खुणेनंतर दोन इंग्रजी अक्षरे छापलेली असतात. पहिले अक्षर सर्वसाधारण तापमानातील घर्षणाचा गट सांगते, दुसरे तापलेल्या अवस्थेतील. ‘ई’ म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५. रोजच्या गाडीला ‘एफएफ’ ही जोडी उत्तम चालते. ‘एफई’ छापलेला पॅड तापल्यावर ढिला पडतो, म्हणून घाटात जाणाऱ्याने तो टाळावा. मूळ पॅडपेक्षा जास्त पकड देणारा पॅड केवळ पुढे बसवला तर पुढच्या आणि मागच्या ब्रेकचा तोल बदलतो, हेही लक्षात ठेवावे.

हे काम घरी करता येईल का? गाडीची दुरुस्ती आपण आधी काही प्रमाणात केली असेल, सपाट सिमेंटची जागा, जॅकखेरीज भक्कम स्टँड आणि टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) हाताशी असेल, तर पुढचे पॅड बदलणे करता येण्यासारखे आहे. पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी असावा. मागच्या चाकांनाही डिस्क असून विजेवर चालणारा हॅन्डब्रेक असेल, तर मागच्या पॅडना घरी हात लावू नये. तिथला पिस्टन मागे घेण्यासाठी गाडीची यंत्रणा स्कॅनरने दुरुस्तीच्या अवस्थेत न्यावी लागते. ऑइलची लाइन उघडण्याचे कामही अनुभवी हातांकडेच द्यावे.

गाडी सपाट जागी उभी करून पहिल्या गिअरमध्ये ठेवावी, हॅन्डब्रेक ओढावा आणि मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा ढिले करावेत, मग ठरलेल्या खाचेतच जॅक लावून गाडी उचलावी आणि स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीच्या चाकात हात घालू नये. काढलेले चाक आणि स्टेपनी गाडीच्या दारांखालच्या उंबऱ्याखाली आडवी सरकवून ठेवली तर आणखी एक आधार मिळतो. एका वेळी एकाच बाजूचे काम करावे, म्हणजे पट्ट्या आणि पॅड कसे बसले होते ते पाहायला दुसरी बाजू जशीच्या तशी राहते. पॅडची धूळ तोंडाने फुंकू नये आणि हवेच्या पाइपने उडवू नये. जुन्या किंवा हलक्या पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मास्क लावून ब्रेक क्लीनरने किंवा ओल्या फडक्याने ती काढावी.

स्टिअरिंग त्या बाजूला वळवले की कॅलिपर समोर येतो. खालच्या पिनचा बोल्ट सोडताना पिन स्वतः फिरू नये म्हणून ती दुसऱ्या पातळ पान्याने धरावी लागते. बोल्ट निघाला की बऱ्याच गाड्यांत कॅलिपर वरच्या पिनवर वर उचलता येतो; तो तसाच तारेने बांधून ठेवावा. पूर्ण काढावा लागला, तरी रबरी होजवर त्याचे वजन येऊ देऊ नये. २०१९ पासून विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांत एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) असल्यामुळे शेजारून चाकाच्या सेन्सरची वायर जाते. तिला ताण बसणार नाही हे पाहावे. पॅड काढताना इशारा देणारी पट्टी आतल्या पॅडवर होती की बाहेरच्या, आणि वर होती की खाली, हे मोबाइलवर टिपून ठेवावे.

यानंतरचा भाग अनेक ठिकाणी घाईत उरकला जातो, आणि माझ्या मते खरे काम तेच आहे. दोन्ही पिना बूटमधून बाहेर काढाव्यात. निरोगी पिन बोटांनी सहज निघते आणि तिच्यावर ओलसर ग्रीसचा सलग थर असतो. कोरडी, तपकिरी डागांची किंवा खडबडीत पिन असेल तर ती बदलावी. तिची किंमत पॅडच्या मानाने किरकोळ असते. पिना आणि त्यांची भोके जुन्या ग्रीसपासून पूर्ण पुसून घ्यावीत आणि पिनला ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस पातळ थरात लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस इथे वापरू नये. खनिज तेलाने ब्रेकमधील रबर फुगते आणि काही महिन्यांत पिन पहिल्यापेक्षा जास्त जाम होते. ग्रीस ठासून भरणेही चुकीचे, कारण मागे कोंडलेली हवा आणि ग्रीस पिनला बाहेर ढकलत राहते. काही कॅलिपरमध्ये वरची आणि खालची पिन वेगळी असते, एकीवर रबरी बुश असते. त्यांची अदलाबदल होऊ देऊ नये. फाटलेले बूट त्याच वेळी बदलावेत. मग ब्रॅकेटवर जिथे पॅडचे कान सरकतात तिथल्या पोलादी क्लिपा काढून खालचा गंज तारेच्या ब्रशने खरवडावा. गंज वाढला की तो क्लिपला उचलतो आणि पॅड खाचेत रुततो. शक्यतो नव्या क्लिपा लावाव्यात. नवा पॅड बोटाच्या दाबाने खाचेत सरकायला हवा. हातोडीने ठोकावा लागत असेल तर खाच साफ झालेली नाही.

पिस्टन मागे ढकलण्याआधी त्याचा उघडा भाग आणि बूट पुसून घ्यावे, नाहीतर तो कचरा सीलमध्ये ओढला जातो. टाकीचे झाकण ढिले करून भोवती फडके ठेवावे. ब्रेक ऑइल रंगावर सांडले तर रंग उठतो, आणि सांडलेच तर लगेच भरपूर पाण्याने धुवावे. जुना पॅड पिस्टनवर आडवा धरून सी-क्लॅम्पने सावकाश, सरळ रेषेत दाबावे. तो थोड्या जोराने पण सलग मागे गेला पाहिजे. मध्येच अडत असेल, बूटमधून ऑइल पाझरत असेल किंवा पिस्टनवर गंजाचे खड्डे असतील, तर काम तिथेच थांबवून कॅलिपर दुरुस्तीला द्यावा. नव्या पॅडच्या मसाल्याला आणि डिस्कला ग्रीसचा किंवा तेलकट हाताचा स्पर्श होऊ देऊ नये. उष्णता सहन करणारे ब्रेकचे ग्रीस पॅडच्या कानांवर आणि पाठीवर पिस्टन टेकतो तिथे अगदी थोडे लावावे. पिनचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावेत, आणि चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने. पाइप घालून अंगाच्या जोराने आवळलेले नट हबवर डिस्क वाकडी बसवतात आणि पेडलची थरथर पुढे त्यातूनच सुरू होते.

दोन्ही बाजू झाल्यावर इंजिन सुरू करण्याआधी पेडल सावकाश अनेकदा दाबावे, ते घट्ट लागेपर्यंत. मागे ढकललेले पिस्टन पॅडपर्यंत परत येण्यासाठी हे आवश्यक आहे. हे न करता गाडी हलवली तर पहिले पेडल थेट खाली जाते आणि समोर भिंत असो वा माणूस, गाडी थांबत नाही. मग ऑइलची पातळी पाहून झाकण बंद करावे. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर ताशी पन्नासच्या आसपास वेगावरून मध्यम दाबाने दहाच्या वेगापर्यंत यावे, पूर्ण थांबू नये, पुन्हा वेग घ्यावा, मध्ये थोडे अंतर ब्रेकशिवाय जाऊन ते थंड होऊ द्यावेत, आणि असे आठ-दहा वेळा करावे. यात मसाल्याचा पातळ सारखा थर डिस्कवर बसतो. पहिले दोन-तीनशे किलोमीटर, निकड नसेल तर, कचकन ब्रेक लावणे टाळावे.

आपल्या प्रवासाबाबत स्वतंत्रपणे लिहितो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३५० मीटर आहे आणि पोलादपूर जवळजवळ कोकणच्या सपाटीवर आहे. आंबेनळी घाटातून चाळीसेक किलोमीटरच्या रस्त्यात गाडी साधारण सव्वा हजार मीटर उतरते. माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १,२०० किलो मानले, तर या उतारात सोडलेली ऊर्जा दीड कोटी ज्यूलच्या घरात जाते. तेवढ्यात सुमारे पन्नास लिटर पाणी उकळीला येईल. त्यातली काही ऊर्जा टायर आणि हवा खातात. उरलेली इंजिनाच्या रोधात घालवायची की चार ब्रेकमध्ये, हे चालवणाऱ्याच्या हातात असते. दुसऱ्या गिअरमध्ये, तीव्र वळणांवर गरज पडल्यास पहिल्या गिअरमध्ये उतरावे, पेडलवर पाय टेकवून ठेवू नये, आणि ब्रेक लागेल तेव्हा ठाम लावून पूर्ण सोडावा. पेडल कडक लागते पण गाडी थांबत नाही आणि जळका वास येतो, तेव्हा पॅड तापून पकड सोडत आहेत. पेडल मऊ होऊन खाली जाऊ लागते, तेव्हा ऑइल उकळून लाइनमध्ये वाफ झाली आहे, आणि ते अधिक धोक्याचे आहे. दोन्ही वेळी खालचा गिअर टाकून, हॅन्डब्रेकचे बटण दाबून धरत तो हळूहळू ओढून सुरक्षित जागी थांबावे आणि ब्रेक पूर्ण थंड होईपर्यंत निघू नये. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नये.

ऑइलचा मुद्दा इथेच येतो. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते आणि त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. डॉट ४ प्रतीच्या ताज्या ऑइलला किमान २३० अंश सेल्सिअसची अट आहे, पाणी मुरलेल्या अवस्थेत ती १५५ वर येते. डॉट ३ साठी हेच आकडे २०५ आणि १४० आहेत. सात वर्षांत ते एकदाही बदलले नसेल, तर कोकणात उतरण्याआधी ते बदलणे नव्या पॅडइतकेच गरजेचे आहे. एरवीही दर दोन वर्षांनी बदलावे. टाकीच्या झाकणावर जी प्रत लिहिली आहे तीच घ्यावी, आणि सील न फोडलेल्या डब्यातलीच.

म्हणून हे काम निघण्याच्या आदल्या दिवशी न ठेवता किमान दोन आठवडे आधी करावे. गॅरेजमध्ये करून घेत असाल तर तिथे थांबावे, चारही जुने पॅड हातात घेऊन जाडी पाहावी, पिना बाहेर काढल्या होत्या का ते विचारावे आणि मागचे ड्रम उघडून लायनर साफ व समायोजित करून घ्यावेत. शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी ऑइलची पातळी व दोन्ही पुढच्या चाकांची धग पाहावी. दोन्ही चाके सारखी कोमट असतील आणि पातळी उतरलेली नसेल, तर गाडी घाटासाठी तयार आहे.